क्रेनचा हुक वर धडकू नये म्हणून: वरच्या लिमिटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली वीसेक वर्षं भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात ईओटी क्रेनचं (शेडमध्ये वर रुळांवर चालणारी विजेची क्रेन) मेंटेनन्स करतोय, अधूनमधून साईटवरच्या हायड्रा (चाकांवरची मोबाइल क्रेन) आणि टॉवर क्रेनचं इलेक्ट्रिकल कामही येतं. ऑपरेटर, हेल्पर, नवीन सुपरवायझर, कधी कधी कंपनीचे मालक सुद्धा तेच तेच प्रश्न विचारतात, आणि खरं सांगतो, विचारतात हे बरंच आहे, कारण वरची लिमिट, म्हणजे हुक पार वर धडकायच्या आधी थांबवणारा स्विच, ही क्रेनवरची एवढीशी वस्तू अशी आहे की ती चालू आहे की बंद हे लांबून बघून कोणालाच कळत नाही. म्हणून सगळे प्रश्न एका जागी लिहून काढलेत.

ओव्हर-होइस्ट म्हणजे नक्की काय होतं?

होइस्ट म्हणजे हुक वर-खाली करणारी यंत्रणा. हुक वर घेताना वेळेत थांबवला नाही तर हुक ब्लॉक (हुक आणि त्याच्या पुल्यांचा जड संच) जाऊन वरच्या पुल्यांना, रोप गुंडाळणाऱ्या ड्रमला किंवा हे सगळं ज्यावर बसवलेलं असतं त्या ट्रॉलीच्या फ्रेमला धडकतो. मोबाइल क्रेनवर तो बूमच्या टोकाला असलेल्या पुलीला धडकतो. दोन ब्लॉक एकमेकांना भिडतात म्हणून त्याला टू-ब्लॉकिंग म्हणतात, आपल्याकडे शॉपमध्ये सरळ "हुक वर ठोकला" म्हणतात. ब्लॉक अडकला तरी मोटर काही थांबत नाही, ती रोप ओढतच राहते, आणि मग जे सगळ्यात कमजोर असेल ते जातं. बहुतेक वेळा रोपच जातो. तो तुटला की हुक ब्लॉक आणि खाली जे काही लटकवलेलं असेल ते सगळं सरळ जमिनीवर, मध्ये थांबवणारं काहीच नसतं, कारण ब्रेक ड्रमला धरून ठेवतो, तुटलेल्या रोपला नाही.

हे होऊ नये म्हणून जे उपकरण बसवतात त्याला अप्पर लिमिट, होइस्ट लिमिट, मोबाइल क्रेनवर अँटी टू-ब्लॉक म्हणतात. बोलताना सगळे "वरची लिमिट" म्हणतात, मीही तेच म्हणणार.

रोप तर कितीतरी पट जास्त ताकदीचा असतो ना? मग रिकामा हुक धडकून तुटतो कसा?

हा प्रश्न मला एका आयटीआयच्या पोराने विचारला होता आणि मला तो फार आवडला, कारण बरेच अनुभवी लोक इथेच फसतात. "रिकामाच हुक आहे, काय होतंय!"

रोप निवडताना साधारण पाच-सहा पट सेफ्टी धरलेली असते हे बरोबर, पण ती लटकलेल्या लोडच्या हिशोबाने. हुक वर अडकला की लोडचा हिशोबच संपतो, आता रोपवर मोटरची पूर्ण ताकद येते. क्रेनची मोटर अडली तर ती तिच्या रेटेड टॉर्कच्या दोन-अडीच पट सहज देते. त्यात मोटरचा रोटर मिनिटाला हजाराच्या आसपास किंवा त्याहून जास्त फेरे फिरत असतो, त्या फिरणाऱ्या वजनाचा सगळा जोर गिअरबॉक्समधून एका झटक्यात रोपवर येतो, आणि वर गेल्यावर रोपचा तुकडा अगदी आखूड राहिलेला असतो म्हणजे त्याला ताणायला, झटका पचवायला लांबीच नसते. लांब दोरीला झटका दिला तर ती थोडी खाते, वीतभर दोरीला दिला तर तटकन जाते, तसंच. त्यातच ब्लॉक तिरका झाला की रोप पुलीच्या खाचेतून बाहेर पडून फ्रेम आणि पुलीच्या मध्ये चेपतो, तिथे तो ओढून तुटत नाही, कापला जातो. म्हणजे लोड नसला म्हणून सुटका नाही. आणि मोठ्या क्रेनचा रिकामा हुक ब्लॉकच शंभर किलोच्या वर असतो, तो डोक्यात पडायला खाली जॉब (उचललेला माल) असायची गरज नाही.

लिमिटचे प्रकार किती?

कारखान्यातल्या क्रेनवर मुख्य दोन.

एक ग्रॅव्हिटी लिमिट, म्हणजे वजनाची लिमिट. ट्रॉलीवर एक स्विच असतो, त्याच्या लिव्हरला तारेने किंवा साखळीने एक वजन टांगलेलं असतं आणि ते वजन हुकाच्या रोपच्या एका फॉलभोवती (फॉल म्हणजे हुकाला धरणारा रोपचा एक पदर) कडी घालून सरळ ठेवलेलं असतं. वजन लटकतंय तोवर लिव्हर खाली ओढलेला, कॉन्टॅक्ट जोडलेला, क्रेन चालू. हुक ब्लॉक वर आला की तो खालून वजनाला उचलतो, लिव्हर मोकळा होऊन वर जातो, कॉन्टॅक्ट उघडतो आणि वर जायचं सर्किट कट.

दुसरी रोटरी गिअर लिमिट. ही ड्रमच्या शाफ्टला जोडलेली असते, आत छोटे गिअर आणि कॅम (फिरून कॉन्टॅक्ट उघडणाऱ्या चकत्या) असतात, ड्रम किती फेरे फिरला त्यावरून हुक कुठे आहे याचा अंदाज घेते. एकाच डब्यात वरची लिमिट, खालची लिमिट आणि हवी असेल तर स्पीड कमी करायचा पॉइंट, सगळं बसतं, सेटिंगही सोपं, म्हणून आजकाल जवळपास सगळीकडे हीच दिसते.

मोबाइल क्रेनवर बूमच्या टोकाला वजन-साखळीचा स्विच असतो, काम ग्रॅव्हिटीसारखंच.

मग यातली चांगली कुठली?

मला विचाराल तर दोन्ही हव्यात. कारण बघा.

रोटरी लिमिटला हुक दिसत नाही. तिला फक्त ड्रमचे फेरे कळतात. ड्रम आणि लिमिटच्या मधली कपलिंगची पिन तुटली तर ड्रम फिरत राहतो, कॅम जागच्या जागी उभे, कॉन्टॅक्ट जोडलेलेच, आणि लिमिटला वाटतंय की हुक अजून तिथेच आहे. बाहेरून डबा एकदम ठणठणीत दिसतो. रोप ड्रमवर एकावर एक चढला तरी तिचा हिशोब चुकतो.

ग्रॅव्हिटी लिमिटला मात्र खुद्द हुक ब्लॉक येऊन हात लावतो. तिच्या वजनाची तार तुटली तर लिव्हर वर जातो आणि क्रेन वर जायची बंद पडते, म्हणजे बिघाड झाला तरी थांबण्याच्या बाजूने होतो. वायर तुटली तरी तेच, कारण कॉन्टॅक्ट नेहमी जोडलेला आणि उघडला की बंद अशी रचना. लोकांना राग येतो, "ही लिमिट सारखी क्रेन बंद पाडते", अरे बाबा ती बंद पाडते तेव्हाच ती तिचं काम करत असते.

तिचेही दोष आहेतच. धूळ, वेल्डिंगचे कण, फाउंड्रीची उष्णता, उघड्यावर असेल तर पावसाचं पाणी, यांनी लिव्हरचा पिव्होट गंजून जाम होतो आणि वजन उचललं तरी लिव्हर वर येतच नाही. महिन्यातून एकदा वर चढून लिव्हर हाताने हलवून बघायला पाहिजे, ग्रीस लावायला पाहिजे, आणि हे काम कागदावर सगळीकडे होतं, वर चढून फार कमी ठिकाणी.

एक लिमिट चालू आहे ना, दुसरी कशाला? मालक म्हणतात उगीच खर्च.

खर्चाचं म्हणाल तर एका स्विचच्या आणि थोड्या वायरिंगच्या किमतीपुढे रोपची किंमत कितीतरी जास्त, माणसाचं तर बोलायलाच नको.

कॉन्टॅक्टर म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, त्याच्या कॉइलला सप्लाय असेल तोवरच तो जोडलेला राहतो. पहिली लिमिट वर जायच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या सर्किटमध्ये असते. हुक वर पोचला, लिमिट उघडली, कॉइलची सप्लाय गेली, कॉन्टॅक्टर सुटला, मोटर बंद, ब्रेक लागला. आता समजा कॉन्टॅक्टरचे पॉइंट वेल्ड झालेत, म्हणजे जळून एकमेकांना चिकटलेत. दिवसभर इंचिंग (बटण टुकटुक दाबून हुक थोडा थोडा हलवणं) करून करून हे होतं, रोजची गोष्ट आहे. मग लिमिट उघडली काय आणि बटण सोडलं काय, मोटर चालूच. म्हणून दुसरी, अल्टिमेट लिमिट, ही पहिल्याच्या थोडी वर आणि ती वेगळंच काहीतरी तोडते, सगळ्या क्रेनचा मेन कॉन्टॅक्टर. दोन्ही लिमिट एकाच कॉन्टॅक्टरला जोडून ठेवल्या तर दुसरी असून नसल्यासारखी. हे मी दोन-तीन ठिकाणी पाहिलंय, दोन डबे लटकवलेले आणि वायरिंग एकाच कॉइलला. तुमच्या क्रेनचं ड्रॉइंग काढा आणि हे एकदा बघाच.

फेज उलटे झाले तर लिमिट काम करत नाही असं ऐकलं, खरंय का?

खरंय, आणि या एका प्रश्नासाठी हे सगळं लिहायला बसलो असं समजा.

एका कंपनीत (नाव राहू द्या) रविवारच्या शटडाऊनमध्ये मेन पॅनलचं काम झालं, केबल काढून परत जोडल्या, दोन फेज अदलाबदल झाले, म्हणजे मोटर उलट्या दिशेने फिरणार. सोमवारी पहिल्या शिफ्टला ऑपरेटरने पेंडंट (क्रेनवरून लोंबणारा बटणांचा डबा) घेतलं, हुक वरच होता, त्याने खाली घ्यायचं बटण दाबलं. हुक वर गेला. त्याला वाटलं आपलंच चुकलं, त्याने परत नीट बघून खालीचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. ग्रॅव्हिटी लिमिट होती, चालू होती, तिने आपलं काम केलं सुद्धा, पण तिने तोडलं वर जायच्या कॉन्टॅक्टरचं सर्किट आणि मोटर चालली होती खाली जायच्या कॉन्टॅक्टरवर. म्हणजे ज्या दाराला कुलूप लावलं त्या दाराने कोणी जातच नव्हतं. रोप तुटला, ब्लॉक लेथ आणि सरफेस टेबलच्या मधल्या वाटेत पडला, काँक्रीटला खड्डा. ती वाट रोज सकाळी हेल्पर झाडायचा, त्या दिवशी तो अजून गेटवर होता. मी तासाभराने पोचलो तेव्हा रोपचं टोक ट्रॉलीखाली लटकत होतं, कुंच्यासारखं पिसकटलेलं, आणि ऑपरेटर पाण्याची बाटली हातात धरून नुसता बसला होता, झाकण उघडायचंही सुचलं नव्हतं त्याला. त्याची चूक काहीच नव्हती. त्याने खालीचंच बटण दाबलं होतं.

यावर उपाय तीन आणि तिन्ही साधे. पहिला, मेन सप्लायवर फेज सिक्वेन्स रिले, फेज उलटे आले की मेन कॉन्टॅक्टर चढतच नाही. दुसरा, वर सांगितलेली अल्टिमेट लिमिट मेन कॉन्टॅक्टरला, कारण ती कुठल्या बटणाने मोटर चालली हे विचारत नाही, हुक वर आला की सगळंच बंद. तिसरा अगदी फुकट: इलेक्ट्रिकलचं कुठलंही काम झालं की होइस्टला हात लावायच्या आधी एलटी (लाँग ट्रॅव्हल, अख्खी क्रेन रुळांवरून नेणारी चाल) चालवून बघा. लांब चालीचं बटण एका बाजूचं दाबलं आणि क्रेन दुसऱ्या बाजूला निघाली तर फेज उलटे आहेत, तिथेच थांबा, इलेक्ट्रिशियनला बोलवा. एलटी उलटी गेल्याने कोणी मरत नाही, क्रेन मधोमध असेल आणि दुसरी क्रेन जवळ नसेल तर. पण हेही लक्षात ठेवा की फक्त होइस्टची मोटर काढून परत जोडली असेल तर एलटी बरोबरच चालेल, तेव्हा हुक अर्ध्या उंचीवर असताना टुकटुक करत होइस्टची दिशा बघा, वर असताना कधीच नाही.

हायड्रावर आणि टेलिस्कोपिक क्रेनवर हुक वर न घेताच धडकतो असं म्हणतात, ते कसं?

बूम बाहेर काढताना. विंच मागे असतो, रोप तिथून बूमच्या टोकावरून हुकाला जातो. बूम लांब केली की विंचपासून टोकापर्यंत जास्त रोप लागतो, विंच सोडत नाहीये, मग तो रोप येणार कुठून, हुकाकडून. म्हणून बूम बाहेर निघते तसा हुक टोकाकडे सरकतो, ऑपरेटरने होइस्टच्या लिव्हरला हातही लावलेला नसतो.

किती सरकतो ते फॉलवर आहे. चार फॉल असतील तर बूम १ मीटर बाहेर गेल्यावर हुक आणि टोकातलं अंतर २५ सेंटीमीटर कमी होतं. एकच फॉल असेल तर पूर्ण १ मीटर. म्हणजे हलक्या कामाला सिंगल फॉल लावून चालवणाऱ्याने जास्त सांभाळायला पाहिजे, आणि नेमकं हलकं काम म्हणून तोच बेफिकीर असतो. बूम काढताना सोबत हुक सोडत जायची सवय लावून घ्या.

म्हणून मोबाइल क्रेनची चांगली सिस्टम फक्त होइस्ट थांबवत नाही, बूम बाहेर काढणं पण थांबवते, आणि बूम खाली घेतल्याने हुक टोकाकडे येत असेल अशा क्रेनवर तेही. केबिनमध्ये हॉर्न वाजतो, लाइट लागतो. तुमच्या गाडीत नुसता हॉर्न वाजतो आणि सगळं चालूच राहतं असं असेल तर कट-ऑफचा व्हॉल्व्ह किंवा वायरिंग बघून घ्या.

साईटवर त्या वजनाचा लिव्हर तारेने बांधलेला दिसतो. का बांधतात?

कारणं ऐकून घ्या, कारण सगळीच काही आळशीपणाची नसतात. रस्त्याने गाडी नेताना वजन हेलकावे खातं आणि काचेवर, बूमवर आपटतं म्हणून बांधतात आणि साईटवर पोचल्यावर सोडायचं राहून जातं. कधी बूमवरून येणारी केबल तुटलेली असते, हॉर्न सारखा वाजतो, काम अडलेलं, भाड्याची गाडी तासावर, मग कोणीतरी वर चढून स्विच बांधून टाकतो. कधी उंची कमी पडते, अजून अर्धा मीटर हुक वर हवा असतो.

यातलं तिसरं सगळ्यात वाईट. उंची कमी पडते तेव्हाच हुक टोकाच्या अगदी जवळ असतो, लोड लटकलेला असतो, खाली खलाशी (जॉब बांधणारा माणूस) जॉब पकडून उभा असतो, आणि नेमकं त्याच वेळी लिमिट काढून टाकलेली. उंची पुरत नसेल तर बेल्ट आखूड घ्या, स्प्रेडर बदला, मोठी क्रेन मागवा. सापळा रचून त्याच्याखाली आपलाच माणूस उभा करायचा नाही.

रस्त्यासाठी बांधायचंच असेल तर त्याला लाल कापडाची लांब पट्टी बांधा, केबिनमधून दिसेल अशी. एका जुन्या ड्रायव्हर काकांकडून शिकलो, ते गाडीची चावीच त्या पट्टीच्या दुसऱ्या तुकड्यात गुंडाळून ठेवायचे, चावी लावताना पट्टी हातात येणारच.

रोज चेक करायचं म्हणजे नक्की काय करायचं?

हुक रिकामा. खाली कोणी नाही. हुक अर्ध्या उंचीवर आणून आधी वर-खाली दिशा आणि ब्रेक बघा. मग हळू स्पीडला वर न्या, शेवटचा मीटरभर इंचिंग करत, डोळे हुकावर, अंगठा बटण सोडायच्या तयारीत. लिमिट लागली की हुक थांबला पाहिजे, परत वरचं बटण दाबलं तरी हलता कामा नये, आणि खालीचं दाबलं की खाली आला पाहिजे. नेहमीच्या जागी थांबला नाही असं वाटलं तर लगेच बटण सोडा, "अजून थोडं वर गेल्यावर लागेल" असं करू नका.

नेहमीची जागा कळायला कॉलमवर किंवा भिंतीवर पेंटने एक खूण करून ठेवा, हुक थांबल्यावर त्या खुणेशी जुळतो का बघायचं. रोज बोटभर वर सरकत असेल तर ब्रेकचे लायनर घासलेत, हे लिमिट तपासता तपासता फुकटात कळतं.

मोबाइल क्रेनवर बूम खाली घेऊन एकाने हाताने वजन उचलायचं, दुसऱ्याने होइस्ट वर घ्यायचा प्रयत्न करायचा, हॉर्न वाजून होइस्ट अडला पाहिजे. अर्थात वजन उचलणाऱ्याचा हात पुलीपासून आणि रोपपासून लांब.

दोन मिनिटांचं काम आहे. अमेरिकेच्या ओशाच्या (तिथली कामगार सुरक्षेची सरकारी यंत्रणा) १९१०.१७९ या नियमात तर प्रत्येक ऑपरेटरच्या शिफ्टच्या सुरुवातीला प्रत्येक होइस्टची वरची लिमिट रिकाम्या हुकावर तपासायची असं सरळ लिहिलंय, आणि ते इंचिंगने किंवा हळू स्पीडलाच, हेही. अल्टिमेट लिमिट मात्र ऑपरेटरने तपासायची नाही, त्यासाठी पहिली लिमिट तात्पुरती बाजूला ठेवावी लागते, ते मेंटेनन्सवाल्यांनी परमिट काढून, माणूस वर उभा करून करायचं.

आमचे ऑपरेटर रोज हुक लिमिटपर्यंत नेऊनच थांबवतात. चालतं का?

नाही चालत. ओशाच्या त्याच नियमात हेही आहे की वरची लिमिट रोजच्या कामात थांबवायचं साधन म्हणून वापरायची नाही. हिशोब करा, शिफ्टला २०० वेळा हुक वर जातो, महिन्याचे २५ दिवस धरले तर ५,००० वेळा, वर्षाला ६०,०००. एवढ्या वेळा आपटलेला स्विच ज्या दिवशी खरोखर लागेल त्या दिवशी त्याच्यात काय उरलं असेल. कामच असं असेल की हुक दर वेळी पार वर न्यावा लागतो, तर लिमिटच्या खाली एक वेगळा स्टॉप पॉइंट रोटरीमध्ये सेट करून घ्या, झिजला तरी मागे खरी लिमिट ताजी राहते.

लिमिट किती खाली सेट करायची?

क्रेनच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं अंतर पहिलं. ते का लागतं हे समजून घ्या म्हणजे कोणी "थोडी वर घे रे" म्हटलं तरी ऐकणार नाही. होइस्टचा स्पीड मिनिटाला ६ मीटर म्हणजे सेकंदाला १०० मिलीमीटर. कॉन्टॅक्टर सुटून ब्रेक पकडेपर्यंत अर्धा सेकंद गेला तर ५० मिलीमीटर, ब्रेक ढिला असेल आणि सेकंद लागला तर १००. हीच गोष्ट टॉवर क्रेनवर मिनिटाला ८० मीटरने करा, सेकंदाला सव्वा मीटरच्या वर जातं, म्हणून तिथे आधी स्पीड कमी करणारा पॉइंट लागतोच.

रिकामा हुक वर जाताना जास्त घसरतो, लोड असला तर लोडच त्याला थांबवायला मदत करतो. तेव्हा सेटिंग झाल्यावर हळू स्पीडला ठीक निघालं की मेंटेनन्सवाल्याने एकदा रिकामा हुक पूर्ण स्पीडलाही नेऊन बघायचा.

रोप बदलला, लिमिट परत सेट करायची का?

हो. रोटरी असेल तर शंभर टक्के. नवीन रोप जुन्यापेक्षा आखूड कापला गेला तर ड्रमच्या त्याच फेऱ्याला हुक आधीपेक्षा वर असतो, म्हणजे लिमिटच्या आधी धडक. टॉवर क्रेनवर दोन फॉलचे चार फॉल केले तरी तेच. खालची लिमिटही बघा, हुक पार खाली असताना ड्रमवर किमान दोन फेरे रोप शिल्लक राहिलाच पाहिजे.

आमच्या क्रेनला व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) आणि एन्कोडर आहे, स्क्रीनवर उंची दिसते. तरी लिमिट लागते?

लागते. एन्कोडर पण ड्रमचे किंवा मोटरचे फेरेच मोजतो, हुक नाही बघत. सॉफ्टवेअरमधला पॉइंट स्पीड कमी करायला मस्त, पण शेवटचं तोडणं वायरने, स्विचने, मेन कॉन्टॅक्टरवर.

चेन होइस्ट आणि बिल्डिंगवरच्या छोट्या होइस्टचं काय?

इलेक्ट्रिक चेन होइस्टमध्ये बऱ्याचदा घसरणारा क्लच असतो, हुक वर अडला की तो घसरतो. तो शेवटचा आधार, रोज त्याच्यावर नेऊन थांबवलं तर क्लच घासून जातो आणि मग तो लोड असतानाही घसरतो.

बांधकामावर स्लॅबच्या कडेला पाइपाला अडकवलेला छोटा इलेक्ट्रिक होइस्ट असतो ना, वाळूची घमेली आणि विटा चढवायचा, त्याची मला जास्त काळजी वाटते. त्याला हुकाच्या थोडं वर रोपवर एक छोटं वजन आणि होइस्टखाली एक लिव्हर असतो, वजन लिव्हरला लागलं की बंद. तो लिव्हर वाकलेला किंवा काढूनच टाकलेला मी कित्येकदा पाहिलाय. तिथे रोप तुटला नाही तर होइस्ट पाइपासकट कडेवरून खाली येतो, आणि खाली बायामाणसं घमेली भरत असतात.

ओव्हरलोड कट-ऑफ आहे, म्हणजे वरची लिमिट नसली तरी चालेल ना?

नाही. ओव्हरलोड वजन मोजतं, लिमिट जागा बघते. हुक धडकल्यावर लोड सेलला ताण कळेल, पण झटका येऊन गेल्यावर.

कायद्यात काय आहे?

१९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम २९ मध्ये क्रेन, रोप, चेन हे सगळं १२ महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून पूर्ण तपासायचं आणि त्याची नोंद ठेवायची असं होतं, क्रेनच्या वाटेवर माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्या ६ मीटरच्या आत येऊ द्यायची नाही हेही त्याच कलमात. २०२० च्या सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या कोडमध्ये फॅक्टरी ॲक्टसह १३ जुने कायदे एकत्र केलेत. महाराष्ट्रात हे काम बघतं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. ईओटी आणि गॅन्ट्री क्रेनसाठी भारतीय मानक आहे आयएस ३१७७.

पण वर्षातून एकदा येणारा माणूस त्या दिवशीची लिमिट बघून जातो. उरलेले ३६४ दिवस ती तुमच्याकडे असते. सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय आणि लिव्हर जाम, असं व्हायला वेळ लागत नाही.

एकदा हलकासा ठोकला, रोप तुटला नाही, आवाज झाला फक्त. चालू ठेवू का?

थांबवा. खाली जॉब असेल तर आजूबाजूची माणसं आधी लांब करा, मग मेंटेनन्सवाल्यांना बोलवून तो कसा उतरवायचा ते त्यांना ठरवू द्या. नंतर रोप पूर्ण लांबीने बघायला लागतो, खास करून पुलीजवळचा आणि ड्रमवर बांधलेल्या टोकाजवळचा भाग, चपटा झालाय का, तारा तुटल्यात का, पिळ सुटून फुगलाय का. रोप कधी काढून टाकायचा त्याचे निकष आयएसओ ४३०९ मध्ये दिलेत. पुलीची कड तुटली का, रोप गार्ड वाकला का, हुक ब्लॉकच्या प्लेट, गिअरबॉक्सचं कपलिंग, ब्रेक, आणि मुख्य म्हणजे लिमिट का लागली नाही. रोप बदलला, क्रेन चालू केली आणि लिमिटचं कारण शोधलंच नाही असं झालं तर नवीन रोपही त्याच रांगेत उभा आहे.

आणि ज्या ऑपरेटरने स्वतःहून येऊन सांगितलं की साहेब ठोकला, त्याला ओरडू नका. पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

मी हेल्पर आहे. ऑपरेटर लिमिट बघत नाही आणि सुपरवायझरला सांगितलं तर म्हणतात तू तुझं काम कर. मी काय करू?

हा प्रश्न फोनवर आला होता, पोरगा नांदेडकडचा, सहा महिने झालेले कंपनीत. त्याला जे सांगितलं तेच लिहितो. हुकाखाली उभं राहायचं नाही, रिकामा असला तरी. जॉब पकडायला टॅग लाइन (जॉबला बांधायची लांब दोरी) मागायची, म्हणजे हाताने धरायला जवळ जावं लागणार नाही. हुक ट्रॉलीजवळ जाताना दिसला की हात वर करून थांबायची खूण करायची, जोरात, लाजायचं नाही, थांबायची खूण कोणीही केली तरी ऑपरेटरने थांबायचं असतं. आणि सेफ्टी कमिटीची मीटिंग असेल तर तिथे, नाहीतर मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये, तारीख टाकून एक ओळ लिहायची: क्रेन नंबर अमुक, वरची लिमिट तपासलेली नाही. लिहिलेल्या ओळीला कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. त्याने लिहिली, आणि तिसऱ्या दिवशी त्याच कंपनीतून मला लिमिट बघायला बोलावणं आलं, वर चढलो तर लिव्हर गंजून पार चिकटलेला होता, हातोडीने सोडवावा लागला.